चिऊच्या गिटारवाल्याची गोष्ट

मिरज, रविवार

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर विचारलंस, "बाबा, बँडमध्ये गिटारवाला म्हणून तिघांपैकी कुणाला घेऊ?" आणि मी "बघू, बघू" करत फोन आईकडे दिला. टाळलंच मी ते. गिटारवाला कसा निवडावा हे तू ज्याला विचारत होतीस, त्याला ऑर्केस्ट्रातून काढून टाकलं होतं. नोकरी लागली म्हणून सोडलं, असं मी सगळ्यांना सांगत आलोय. तुझ्या आईलासुद्धा. (आता तिला कळेलच, पत्र तीच पाकिटात घालणार आहे.)

१९८८ चे गणपती. रोज एक मंडळ, कधी दोन. मी बावीस वर्षांचा, हातात कलकत्त्याची गिवसन, तिला बाहेरून पिकअप बसवून घेतलेला, आणि डोक्यात हवा. आमच्या गाणाऱ्या बाईंचा घसा सातव्या-आठव्या दिवशी बसला. स्टेजमागे गरम पाणी पीत त्या म्हणाल्या, "आज पांढरी पाच नको, काळी तीन घ्या." म्हणजे पेटीच्या पट्ट्यांच्या हिशेबानं अर्धा स्वर खाली. कीबोर्डवाल्याला काय, पट्टी बदलायचं ट्रान्सपोजचं बटण दाबलं की झालं. माझे सगळे तुकडे मोकळ्या तारांवर बसवलेले. कॅपोनं, म्हणजे दांडीवर तारा दाबून धरणाऱ्या चिमट्यानं, पट्टी वर जाते, खाली येत नाही. बसून नव्यानं बोटं लावायला हवी होती, अर्धा तास हाताशी होता. मी म्हणालो, "गिटारवर ते नाही जमत, मूळ पट्टीतच म्हणा."

बाईंनी म्हटलं. अंतऱ्यात वरच्या जागेला आवाज फुटला आणि त्या थांबल्या. त्या रिकाम्या जागेत मी काय करावं? सुसाट तुकडा मारला. पब्लिकनं शिट्ट्या वाजवल्या. मला वाटलं, सांभाळून घेतलं की आपण! बाई मात्र माईक खाली धरून माझ्याकडे नुसत्या बघत होत्या. रात्री मालकांनी पाकीट हातात दिलं आणि म्हणाले, "उद्यापासून येऊ नको." एवढंच.

म्हणून तिघांतल्या त्या आठ पेडलवाल्याचं, पायानं दाबून आवाज बदलायच्या आठ डब्या आणणाऱ्याचं, तू कौतुक करायला लागलीस तेव्हा मी गप्प झालो. त्यात मला मीच दिसलो. पेडल वाईट नसतात गं. पण तो तासभर वाजवत होता आणि त्यानं तुमचं गाणं एकदाही पूर्ण ऐकून घेतलं नाही, हे तूच हसत हसत सांगितलंस.

आपल्या गल्लीत तंबोरा घ्यायला कुणी आलं की कारागीर आधी विचारतो, गाणार कोण, बाई की पुरुष, स्वर कुठला. मग भोपळा. तुमच्या बँडमध्ये गाणार तू, तुझा स्वर काळी चार. गिटारवाल्यांना ही पट्टी आवडत नाही. चौथ्या फ्रेटवर (दांडीवरच्या पडद्यावर) कॅपो लावून ई कॉर्डच्या बोटांनी वाजवलं की सोपं आहे, पण काहींना कॅपो लावणं कमीपणाचं वाटतं. मुद्दाम एक कर. गाणं काळी चारमध्ये बसवायला सांग, आणि प्रॅक्टिसला आल्यावर सहज म्हण, "आज काळी तीन घेऊ या, घसा धरलाय." मग बोटांकडे बघू नकोस, तोंडाकडे बघ.

याचा अर्थ हात नसला तरी चालेल असा घेऊ नकोस. बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन पंधराच्या आसपासचा होता, लेननला तो पोरगा वाटायचा. लिव्हरपूलच्या बसमध्ये वरच्या मजल्यावर त्यानं एक धून सही सही वाजवून दाखवली आणि बँडमध्ये आला. म्हणजे बोटं लागतातच. पण डिसेंबर १९७४ मध्ये गिटारवाल्या मिक टेलरनं रोलिंग स्टोन्स हा बँड सोडला, तेव्हा जेफ बेक, रोरी गॅलॅघर असले दादा लोक त्यांच्याबरोबर वाजवून गेले आणि शेवटी जागा मिळाली रॉनी वूडला. बेकच्या हाताची सर त्याला नाही, हे माझं मत. पण बँडचा जुना गिटारवाला कीथ रिचर्ड्स, त्याची गिटार कुठे संपते नि याची कुठे सुरू होते हे बऱ्याचदा कळत नाही. तो अजून तिथेच आहे.

आपल्याकडचा भूपिंदर सिंग बघ. पंचमकडे (आर. डी. बर्मन) कितीतरी गाण्यांत गिटार वाजवली, आणि स्वतः गाणारा. गाणाऱ्याला श्वास कुठे लागतो हे त्याला कुणी सांगायला नको होतं. म्हणून तिघांनाही एकदा गायला लाव. बेसूर गायला तरी चालेल, लाजत नाही ना ते बघ.

तिघांतला दुसरा, मैत्रिणीचा भाऊ, त्याच्याबद्दल मी काही बोलत नाही. नात्यातला माणूस घेणं सोपं आणि काढणं कठीण, तुझं तू बघ.

तिसरा तो खडकीचा, चर्चमध्ये वाजवणारा, त्याच्याबद्दल तू एकच वाक्य बोललीस, "ठीक आहे, फार काही करत नाही." त्याला परत बोलाव. दर रविवारी शंभर माणसं आपापल्या सुरात गातात आणि हा त्यांना धरून ठेवतो, हे काही न करणं नव्हे. आल्यावर तुझं गाणं नुसत्या तुझ्या आवाजावर आणि त्याच्या एका गिटारवर होऊ दे. ड्रम नको, बेस नको. आणि जास्तीची तार जवळ बाळगतो का, तेही विचार. तार कार्यक्रमातच तुटते.

पैशाचं आणि दुसऱ्या बँडचं मात्र पहिल्याच दिवशी बोलून घ्या, लाजू नका.

पार्सल उद्याच्या एसटीनं पाठवतोय. शेंगदाण्याच्या चटणीच्या डब्याखाली जुन्या रुमालात माझा कॅपो आहे. स्प्रिंग जरा ढिली झालीय, पण चौथ्या फ्रेटवर बसतो अजून.

तुझा,
बाबा