पू तपासायला का पाठवला नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवाच्या आरोग्य पुरवणीतला सुपरबगवरचा, म्हणजे औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंवरचा, लेख वाचला. काल दिवसभर डोक्यातून जाईना म्हणून आज लिहायला बसलो. लेख खोटा आहे असं मी म्हणत नाही, पण सगळा दोष पेशंटच्या माथी मारलाय. लेख म्हणतो, लोक मेडिकलमधून मनाने गोळ्या आणतात, बरं वाटलं की कोर्स अर्धवट सोडतात, म्हणून अँटिबायोटिक चालेनाशी झालीत, तेव्हा वाचकांनी शिस्त पाळावी. साध्या सर्दीला ॲझिथ्रोमायसिन मागणारे लोक मीही रोज बघतो, ते नाकारत नाही. पण ऑपरेशननंतर जखम चिघळते त्याबद्दल अख्ख्या पानात दोन ओळी, आणि त्यातही पेशंटने स्वच्छता ठेवावी एवढंच. याचा मला राग आलाय कारण आमच्या घरात हे होऊन गेलंय.

दादाचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं, जानेवारीत हर्नियाचं ऑपरेशन झालं. वय ५८, शेती करतो, शुगर नाही, तंबाखू नाही. पोटाच्या भिंतीला आधार म्हणून आत जाळी बसवली. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, कारण हे एकट्या त्या हॉस्पिटलचं नाही. आदल्या रात्री वॉर्डबॉयने रेझरने केस काढले, दोन ठिकाणी कापलं, कापूस दाबला आणि गेला. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही, सगळीकडे असंच करतात. माझी पुतणी नर्सिंग शिकतेय, तिने नंतर सांगितलं की जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ सालीच लिहून ठेवलंय, रेझर लावायचाच नाही, अगदी गरज असेल तर केस क्लिपरने कापायचे, कारण रेझरच्या बारीक ओरखड्यांत जंतू धरतात. आणि अँटिबायोटिकचा डोस चिरा देण्याआधी दोन तासांच्या आत द्यायचा, ऑपरेशन संपल्यावर खबरदारी म्हणून पुढे चालू ठेवायचं नाही. दादाला तीन दिवस इंजेक्शन दिली आणि घरी जाताना वर पाच दिवसांच्या गोळ्या. ह्या गोळ्या आम्ही मागितल्या नव्हत्या.

आठव्या दिवशी टाक्यांच्या कडेने लाल झालं, दहाव्या दिवशी पाणी यायला लागलं. डॉक्टर म्हणाले थोडं इन्फेक्शन आहे, होतं असं. ॲमॉक्सिक्लॅव लिहून दिली. पाच दिवसांनी फरक नाही म्हणून सेफ्ट्रिॲक्झोनची इंजेक्शनं, सकाळ-संध्याकाळ, त्यासाठी मी त्याला मोटारसायकलवर मागे बसवून नेत होतो आणि प्रत्येक खड्ड्याला तो माझा खांदा आवळायचा. मग लिनेझोलिड, ती गोळी महाग. दादाने एक गोळी चुकवली नाही. मोबाईलला गजर लावून घेतल्या, रात्री उठून घेतल्या. लेखात कोर्स पूर्ण करा म्हणून लिहिलंय, त्याने तीन कोर्स पूर्ण केले.

ड्रेसिंग घरी मीच करायचो. गॉज काढला की त्यावर हिरवट डाग असायचा आणि वास असा, की द्राक्षाच्या बागेत घड सडलेत, गोडसर. मी दोनदा डॉक्टरांना सांगितलं, पू हिरवा आहे, तपासायला पाठवायचा का? ते म्हणाले रिपोर्टला वेळ जातो, आधी औषध बघू. यात २४ दिवस गेले, मग ताप १०३ वर गेला आणि आम्ही त्याला सोलापूरला हलवलं.

तिथे पहिलं काम काय केलं असेल तर पू सिरिंजमध्ये घेतला आणि कल्चरला पाठवला, म्हणजे जंतू कोणता आणि त्याला कोणतं औषध लागू पडतं ते बघायला. आठशे रुपये. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट हातात. जंतू सुडोमोनास. तिथल्या मॅडमनी दादाच्या पलंगाशी बसून मला जे समजावलं ते ऐकून माझे हातपाय गार पडले. ॲमॉक्सिक्लॅव आणि सेफ्ट्रिॲक्झोन या जंतूवर मुळातच चालत नाहीत, आज नाही आणि पूर्वीही चालत नव्हती. लिनेझोलिड तर वेगळ्याच गटाच्या जंतूंवरचं औषध. म्हणजे तीन औषधं, तिन्ही वाया, आणि तोवर जाळीवर जंतूंनी चिकट थर धरलेला, ज्याच्या आत औषध नीट पोचत नाही. रिपोर्टवर औषधांची यादी आणि पुढे आर, आर, आर. आर म्हणजे रेझिस्टंट. मेरोपेनेम या भारी अँटिबायोटिकपुढेही आर. दोनच नावांपुढे तो आर नव्हता, त्यातलं एक कोलिस्टिन. ते किडनीला त्रास देतं म्हणून रोज रक्त काढून क्रिॲटिनिन बघायचे आणि तो आकडा येईपर्यंत वहिनी पाणीसुद्धा प्यायची नाही. शेवटी पुन्हा ऑपरेशन करून जाळी काढली. जखम उघडी ठेवली, आतून भरत यावी म्हणून रोज गॉज भरायचा, दोन महिने. ज्वारीची काढणी शेजाऱ्यांनी केली. ऑपरेशनला ४५ हजार लागले होते, जखमेला २ लाख ८० हजार.

दादा आज चालतोय, शेतात जातो, पण जड उचलायचं नाही. हर्निया आहे तिथंच आहे.

आता मला सांगा, यात पेशंटने शिस्त कुठे मोडली? पहिल्या पाण्यालाच सॅम्पल पाठवलं असतं तर तीन दिवसांत कळलं असतं. जंतू कोणता ते माहीत नसताना औषधामागून औषध देत गेलं की ज्यांना ते लागू पडतं ते मरतात आणि जे दाद देत नाहीत तेच शिल्लक राहून वाढतात, हे तुमच्याच लेखात वरच्या चौकटीत लिहिलंय. मग ती चौकट डॉक्टरांना लागू नाही का?

आणखी एक. त्या पहिल्या हॉस्पिटलच्या भिंतीवर लिहिलंय की आमच्याकडे इन्फेक्शन जवळपास शून्य. तिसऱ्या दिवशी घरी पाठवायचं, पू येतो आठव्या-दहाव्या दिवशी, मग त्यांच्या वहीत तो कसा येणार? पुतणी म्हणते नियमाप्रमाणे ऑपरेशननंतर ३० दिवस आणि जाळी बसवली असेल तर ९० दिवस लक्ष ठेवायचं असतं. आम्हाला एक फोन आला नाही. तुमच्या बातमीदारांनी एकदा जिल्ह्यातल्या हॉस्पिटलांना विचारावं की ही नोंद कोण ठेवतं. दर नोव्हेंबरात १८ ते २४ तारखेला अँटिबायोटिक जागरूकता सप्ताह म्हणून तोच लेख फिरवून छापण्यापेक्षा ते जास्त उपयोगाचं होईल.

लिहितोच आहे तर हेही लिहितो. हॉस्पिटलात पू लागलेला गॉज पिवळ्या पिशवीत जातो आणि जाळला जातो, तसा २०१६ चा नियम आहे. घरी केलेल्या ड्रेसिंगचं काय? मी दोन महिने तो गॉज दोन पिशव्यांत बांधून घंटागाडीत दिला आणि गाडीवरची बाई तो उघड्या हाताने कचऱ्यात दाबायची. मी तिला हातमोजे आणून दिले, ती म्हणाली नगरपालिका देत नाही, मागितले तर कामावरून काढतात. मेरोपेनेमलाही दाद न देणारा जंतू त्या पिशवीत होता आणि तिच्या घरी लहान लेकरं आहेत. डिस्चार्ज कार्डावर ड्रेसिंग रोज बदला असं लिहितात, काढलेलं कुठं टाकायचं ते कोणीच लिहीत नाही.

पत्र लांबलंय, कापायचं असेल तर पैशाचं कापा, पण हिरवा पू आणि आठशे रुपयांचा रिपोर्ट हे कापू नका. ज्याच्या घरी आज कोणाच्या टाक्यांतून पाणी येत असेल त्याने औषध बदलायच्या आधी कल्चर मागावं आणि रिपोर्टचा कागद स्वतःकडे ठेवावा, एवढ्यासाठीच लिहिलंय. नाव छापू नये, दादाला आवडणार नाही.

आपला,
एक वाचक, जि. सोलापूर