पेटंटचा पहिला अर्ज मराठीत का नको? केंद्रीय उद्योगमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री यांस,

स.न.वि.वि.

मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकतो. पेटंटचा प्रोव्हिजनल अर्ज, म्हणजे शोधाची तारीख नोंदवणारा पहिला कच्चा अर्ज, मराठीत आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या इतर भाषांतही स्वीकारावा. आजच्या नियमाप्रमाणे कागद हिंदीत किंवा इंग्रजीतच लागतात.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं लेथचं वर्कशॉप आहे. आमच्या एका मिस्त्रीने पंपाचं केसिंग (बाहेरचं कवच) यंत्रावर घट्ट धरायला असं फिक्श्चर, म्हणजे पकड, बसवलंय, की जॉब एकदाच बांधायचा आणि त्याची दोन्ही तोंडं कापून घ्यायची. ते कसं चालतं, हे तो खडूने फरशीवर काढून पाच मिनिटांत समजावतो. ते पेटंटच्या लायकीचं आहे की नाही, मला ठाऊक नाही. पण ते ठरवायची वेळच येत नाही. इंग्रजी मसुदा करून देणाऱ्याची फी ऐकून तो हसला आणि कामाला लागला.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिका पुढे गेले ते कोळसा आणि वाफेच्या जोरावर, असं आपण शाळेत शिकलो. त्यात खोटं काही नाही. पण आपली कल्पना घेऊन सरकारदारी उभं राहायची मुभा कोणाला होती, हेही पाहायला हवं. १८५२ पूर्वी इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड मिळून पेटंट घ्यायचं तर सुमारे ३०० पौंड लागत, कागद ऑफिसामागून ऑफिसं फिरे आणि राणीची सही लागे. १८५१च्या लंडन प्रदर्शनात यंत्रं मांडायची वेळ आली, तेव्हा नक्कल होईल या भीतीने ओरड झाली. पुढच्याच वर्षी कायदा बदलला आणि सुरुवातीची फी २५ पौंडांवर आली. वर्षाकाठी चार-पाचशे पेटंटं निघत, ती दोन हजारांवर गेली. अमेरिकेत तर १८३६ पासून नागरिकाला अर्ज ३० डॉलरमध्ये पडे. ब्रिटिश माणसाला मात्र ५००! स्वातंत्र्याच्या गप्पांतही आपला-परका होताच.

त्याहून वाईट गोष्ट १८५८ची. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या ऑस्कर स्टुअर्ट नावाच्या मालकाकडे नेड नावाचा गुलाम होता. त्याने कापसात चालवायचं दुहेरी औत बनवलं, आपल्या कोळप्याच्या जातीचं. स्टुअर्टने पेटंट मागितलं. गुलामाच्या हातांची कमाई मालकाची, तशी डोक्याचीही मालकाचीच, असं त्याचं म्हणणं. पण ‘हे मी शोधलं’ अशी शपथ संशोधकालाच घ्यावी लागे. स्टुअर्ट संशोधक नव्हता आणि नेड कायद्याने नागरिक नव्हता. अ‍ॅटर्नी जनरलने, म्हणजे सरकारच्या मुख्य कायदा सल्लागाराने, निकाल दिला की पेटंट दोघांनाही नाही. औत चांगलं होतं, म्हणून काही फरक पडला नाही.

गुलामी गेल्यावर, १८८३ साली, त्याच देशाने यान मात्झेलिगरला पेटंट दिलं. सुरिनामहून आलेला, काळी आई आणि डच बाप, येताना इंग्रजी जेमतेम. लिन गावच्या बुटांच्या कारखान्यात त्याने बुटाचा वरचा भाग साच्यावर ओढून बसवणारं यंत्र बनवलं. आराखडे इतके किचकट, की पेटंट कार्यालयाचा माणूस स्वतः लिनला येऊन यंत्र चालताना पाहून गेला. मंत्रिमहोदय, माझं सगळं म्हणणं त्या एका खेपेत आहे. कागद कळला नाही, तर परत पाठवण्याऐवजी साहेब उठून आला. चांगला कारागीर दिवसाला ५० जोड करी, ते यंत्र १५० ते ७०० करू लागलं.

पेटंट म्हणजेच प्रगती, असा माझा दावा नाही. हॉलंडने १८६९ला पेटंट कायदा रद्दच केला आणि स्वित्झर्लंडला १८८८ पर्यंत धड पेटंट कायदा नव्हता; त्यांचं काही अडलं नाही. पण पेटंट द्यायचंच असेल, तर सगळ्यांना मागता यावं. आपल्याच मुंबईच्या शंकर आबाजी भिसे यांना अक्षरं ओतणाऱ्या यंत्रासाठी लंडन गाठावं लागलं, पाठीशी दादाभाई नौरोजी होते म्हणून निभावलं.

फीचा प्रश्न आपण बराचसा सोडवलात. एकट्या माणसाला ऑनलाइन अर्ज १,६०० रुपयांत करता येतो. अडतंय ते भाषेवर. युरोपीय पेटंट कार्यालय अर्ज कुठल्याही भाषेत दाखल करून घेतं आणि भाषांतराला दोन महिने देतं. आपल्याकडे प्रोव्हिजनलनंतर पूर्ण तपशील द्यायला १२ महिने आहेतच. तेवढ्या मुदतीत भाषांतर होईल. तारीख मात्र मराठी कागदाची धरावी.

दुसरं, मुंबईच्या अँटॉप हिलच्या कार्यालयातला एखादा अधिकारी महिन्यातून एक दिवस कोल्हापूर, इचलकरंजी, नाशिकच्या एमआयडीसीत बसवता आला तर पाहा. जागा आमची संघटना देईल, चहाही.

आपला,
उद्यमनगरातील एक वर्कशॉपवाला