गाळ्यातल्या काकांना, एका रेघेबद्दल

प्रिय काका,

सा. न. वि. वि.

तुमच्या गाळ्यात लेथ (धातू कातायचं यंत्र) चालू असताना धड बोलता येत नाही, आणि बंद असताना आभार मानायला गेलो की तुम्ही "चहा घे" म्हणून विषय संपवता. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. घाटकोपरला बसून तुम्ही चेंबूरच्या गोल्फ खेळणाऱ्या पोरांसाठी चेंडूवर सरळ रेघ मारायचं साधन बनवलंत, ते चार लोकांना कळायला हवं.

मी कॅडी, म्हणजे खेळाडूंची गोल्फची बॅग वाहणारा, म्हणून सुरुवात केली, आता शिकवतो. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ सालचा. त्याच्या आसपासच्या वस्त्यांमध्ये कॅडींची घरं आहेत, आणि तिथली पोरं लोखंडी सळई वाकवून, प्लास्टिकच्या चेंडूने गल्लीबोळांत गोल्फ खेळत आली आहेत. माझ्याकडे येणारी मुलं याच घरांतली. त्यांच्या हातात उपजत जाण आहे. नाही ते एवढंच, की मारलेला फटका नेमका कसा बसला हे सांगणारं यंत्र. तशी यंत्रं मिळतात, पण ती महाग असतात.

क्लब, म्हणजे गोल्फची काठी, आणि चेंडू एकमेकांना जेमतेम अर्धा मिलिसेकंद लागलेले असतात, म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग. डोळ्याला काय दिसणार? चेंडू डावीकडे गेला एवढंच दिसतं. क्लबचं पुढचं टोक, म्हणजे टो, उचललेलं होतं, की चेंडू हीलवर, म्हणजे दांड्याकडच्या भागावर लागला, हे कळायला एक जुनी युक्ती आहे. चेंडूवर व्हाइटबोर्ड मार्करने रेघ मारायची, ती उभी ठेवून क्लबफेससमोर, म्हणजे क्लबच्या चेंडूला लागणाऱ्या सपाट भागासमोर, आणायची आणि फटका मारायचा. शाई फेसवर उमटते. रेघ फेसवरच्या आडव्या खाचांना (ग्रूव्हना) काटकोनात उमटली तर क्लब जमिनीवर बरोबर बसतोय. रेघेचं वरचं टोक टोच्या बाजूला झुकलं तर फटक्याच्या वेळी टो वर उचललेला होता, हीलकडे झुकलं तर टो खाली होता. आणि रेघ फेसच्या मध्यापासून किती लांब उमटली, त्यावरून फटका कुठे बसला तेही समजतं.

पण हे सगळं रेघ सरळ असेल तर. चेंडूचा व्यास किमान ४२.६७ मिलिमीटर, वर सगळ्या खळग्या. हाताने मारलेली रेघ त्यावर थरथरते. बाजारात मिळणाऱ्या प्लास्टिकच्या चिमट्याने अर्धीच रेघ येते, मग चेंडू फिरवून उरलेली जोडायची, आणि सांध्यावर रेघेला पायरी पडते. तिरकी रेघ तिरकीच छापते, आणि पोराला वाटतं आपलाच स्विंग वाकडा.

एका ओळखीच्या फिटरने मला तुमच्याकडे पाठवलं. तुम्ही गोल्फ कधी पाहिलेला नव्हता. चेंडू व्हर्निअरमध्ये धरलात, दोन-तीन बाजूंनी माप घेतलंत आणि विचारलंत, "रेघ बघायला पाहिजे का छापायला?" मी क्लबफेसवरच्या शाईचं सांगितलं तसा तुमचा चेहरा उजळला. कपाटातून प्रशियन ब्लूची डबी काढून तुम्ही म्हणालात, "हे तर आमचं ब्लू मॅचिंग." एका भागाला निळा रंग पातळ लावायचा, दुसरा त्यावर टेकवायचा, रंग जिथे लागला तिथेच दोघांची गाठ पडली. माझ्या खेळातलं इतकं नाजूक काम तुम्ही आयुष्यभर करत आला होतात. त्या दिवशी मला फार आधार वाटला, काका.

मग तुम्ही जे बनवलंत ते मुठीत मावतं. नायलॉनचं छोटं घर, आत दोन समांतर रोलर, त्यावर चेंडू. वर पेनासाठी बुश, म्हणजे पेन अडकवायची नळी, त्यात हलकी स्प्रिंग, म्हणजे खळगी आली तरी पेनाचं टोक चेंडू सोडत नाही. एक रोलर अंगठ्याने फिरवला की चेंडू फिरतो आणि पेन जागेवर राहतं. सांधा कुठेच नाही, पूर्ण कडं एका फेऱ्यात. बुश बदलला की जाड व्हाइटबोर्ड मार्करच्या जागी बारीक पर्मनंट पेन बसतं. ते मी मागितलंही नव्हतं, तुम्हीच विचार करून दिलंत. पर्मनंट रेघ स्पर्धेतही चालते, पटिंगला, म्हणजे चेंडू भोकाकडे ढकलताना, नेम धरायला उपयोगी पडते. चेंडू ओळखता यावा म्हणून त्यावर खूण करावी असं तर नियमच सांगतात. व्हाइटबोर्डची शाई मात्र फक्त सरावापुरती. मुलांना तसं बजावलेलं आहे, खेळायला जाण्याआधी चेंडू आणि क्लब दोन्ही पुसून घेतात.

सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही शेवटी शिकवलीत. पेन चेंडूच्या बरोबर मध्यावर आहे हे ओळखायचं कसं? रेघ मारा, चेंडू उलटा करून (डावी बाजू उजवीकडे) त्याच रेघेवर पुन्हा मारा. एकच रेघ दिसली तर पेन मध्यावर. दोन दिसल्या तर त्यांच्यातलं अंतर म्हणजे चुकीच्या दुप्पट. तुम्ही बुश जरासा सरकवलात, पुन्हा मारली, आणि दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या. मुलं आता सराव सुरू करण्याआधी ही परीक्षा स्वतः घेतात. साधनावर विश्वास ठेवण्याआधी ते तपासावं, हे त्यांना माझ्यापेक्षा तुमच्याकडून मिळालं.

यातून काय झालं ते तुम्हाला मुद्दाम सांगायचं आहे. माझ्याकडे एक मुलगी येते, वडील कॅडी. तिचे आयर्नचे (लोखंडी क्लबचे) फटके सतत डावीकडे जायचे. रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, येणारा-जाणारा प्रत्येक जण तिला मनगट सुधारायला सांगायचा आणि ती हिरमुसायची. तुमच्या साधनाने रेघ मारलेले चेंडू तिला दिले. प्रत्येक फटक्यात रेघेचं वरचं टोक टोच्या बाजूला झुकलेलं, आणि दर वेळी तेवढंच. क्लब मोठ्या माणसाचा, कोणीतरी दिलेला, तिच्या उंचीला लांब. हात खाली जात होते, टो उचलला जात होता आणि फेस डावीकडे बघत होता. शाफ्ट, म्हणजे दांडा, तिच्या मापाचा करून घेतला, क्लबचा लाय कोन (दांडा आणि जमीन यांच्यातला कोन) वाकवून घेतला. रेघ उभी उमटू लागली, चेंडू सरळ जाऊ लागला. तिच्या मनगटांना कोणीही हात लावला नाही. क्लबफेसवरची ती उभी रेघ तिने आईला दाखवायला पुसली नव्हती.

पावसाळ्यात थोडी अडचण येते. ओल्या चेंडूवर शाई धरत नाही, म्हणून मुलं सुती फडकं सोबत ठेवतात. रोलरवर शाई साचते, तीही त्याच फडक्याने निघते. बाकी साधन ठणठणीत आहे.

आता एक मागणं. लहान मुलांच्या अंगठ्याला रोलर फिरवायला जड जातो, तेवढा हलका करता येईल का? आणि असेच आणखी चार नग हवे आहेत, म्हणजे पोरांना एकाच्या मागे रांग लावावी लागणार नाही. नायलॉनचा रॉड मी घेऊन येतो. पहिल्या नगाची मजुरी तुम्ही घेतली नाहीत. या चारांची घ्यायचीच, मुलांच्या पालकांनी मिळून ती बाजूला काढून ठेवली आहे. आणि एखाद्या रविवारी गाळा बंद असेल तेव्हा रेंजवर या. मुलांना तुम्हाला फटका मारून दाखवायचा आहे.

तुमचा,
चेंबूरचा गोल्फवाला