कॉमेंट पुसट का दिसाव्यात?

प्रिय सदा,

कोडमधल्या कॉमेंट, म्हणजे माणसाने माणसासाठी लिहिलेल्या टिपा, फिकट का दिसाव्यात, हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो ‘मग रंग बदल की’ म्हणून मोकळा होईल. म्हणून तुलाच लिहितोय. तब्येत बरी आहे, पाठीचं जुनंच चालू आहे, चष्म्याचा नंबर वाढलाय. झालं तब्येतीचं.

आपल्या नोंदींची साइट मी पुन्हा उभी केली. मार्कडाउनच्या, म्हणजे साध्या खुणांनी लिहिलेल्या मजकुराच्या, त्याच फायली, तुझ्या शिव्यांसकट. ह्युगो हा प्रोग्राम त्यांची वेबपानं बनवतो, बाकी सर्व्हरवर काही चालत नाही. इतकी वर्षं कोडचे ठोकळे सरसकट एका रंगाचे होते, कारण ठोकळा सुरू करणाऱ्या तीन बॅकटिकांपुढे (`) भाषेचं नाव लिहायचा कंटाळा आपण दोघांनीही इमानेइतबारे जपला होता. ते लिहिल्याशिवाय ह्युगो रंगाच्या वाटेला जात नाही. सांगितलं तर तो अंदाजही बांधतो, पण मी सांगणार नाही. अंदाजाचे प्रताप आपण ब्राउझरमध्ये कोड रंगवणाऱ्या हायलाइट-जेएसच्या वेळी पाहिलेत, दोन ओळींची शेल कमांड त्याला भलत्याच भाषेतली वाटायची. तेव्हा बसलो आणि प्रत्येक ठोकळ्यापुढे पायथन, बॅश, एसक्यूएल लिहीत गेलो. मग साइट बांधली, पान उघडलं आणि समोर काय, तुझा मोनोकाय! ह्युगोची मुळातली थीम, म्हणजे रंगसंगती, तीच आहे. २००६ पासून ती गडद पाटी आणि तो गुलाबी लोकांच्या डोळ्यांत खुपतोय, आणि तू मात्र तिच्यासाठी माझ्याशी आठवडाभर अबोला धरला होतास. घे, न भांडता जिंकलास.

पानाचा सोर्स पाहिला तर तिथे आणखी गंमत. प्रत्येक शब्दाभोवती स्पॅन हा एचटीएमएलचा टॅग आणि प्रत्येक स्पॅनच्या पोटात रंग थेट लिहिलेला. असं असलं की दिवसाची एक आणि रात्रीची एक अशी थीम बदलता येत नाही, पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसला हात घालायला जागाच उरत नाही. मग सेटिंगमध्ये ‘नोक्लासेस’ फॉल्स केलं आणि ह्युगोकडूनच क्रोमाची, म्हणजे त्याच्या कोड रंगवणाऱ्या भागाची, स्टाइलशीट काढून घेतली. आता स्पॅनवर नुसती अक्षरं असतात, ‘के’ म्हणजे कीवर्ड, ‘एस’ म्हणजे स्ट्रिंग, ‘सी’ म्हणजे कॉमेंट. ही लघुरूपं पिगमेंट्स या जुन्या कोड रंगवणाऱ्या प्रोग्रामपासून चालत आलीत, जेकिलच्या रूजमध्येही तीच, त्यामुळे ह्युगोआधी वापरलेल्या जेकिलच्या काळातली आपली जुनी स्टाइलशीटही बरीचशी तशीच लागू पडली. तू म्हणशील, ब्राउझरमध्ये रंगवणारं प्रिझम टाकलं असतंस तर एका स्क्रिप्टमध्ये काम झालं असतं आणि फाइलही स्वच्छ राहिली असती. राहिली असती. पण मजकूर एकदा साइट बांधताना ठरतो, तो रंगवायचं काम वाचणाऱ्याच्या ब्राउझरने दर खेपेला का करायचं? पान आधी बिनरंगी येतं, मग एकदम उडी मारून रंगतं, ते मला तेव्हाही बघवत नव्हतं. हा वाद संपलेला नाही, फक्त तू लांब गेलास.

आता मुद्द्यावर येतो.

आमच्याकडे एक नवी मुलगी आली आहे. हुशार, पटकन काम उरकणारी. तिने परवा नोंदींतून जुना डेटा साफ करायची तुझी स्क्रिप्ट उचलली आणि चालवली. वर तुझी टीप होतीच: ‘आधी बॅकअप. मग हे. उलटं केलंस तर मला फोन करू नकोस.’ बॅकअप तिने घेतला नाही. डेटाबेस टेस्टचा होता म्हणून निभावलं. मी विचारलं, वर लिहिलंय ते वाचलं नाहीस? ती म्हणाली, ‘ते ग्रे होतं ना, मला वाटलं जुनं असेल, रद्द झालेलं.’

सदा, तिला बोलायला माझ्याकडे तोंड नव्हतं. एडिटरमध्ये न वापरलेलं व्हेरिएबल फिकट होतं. फॉर्ममधलं बंद बटण फिकट असतं. जे मेलंय ते फिकट, हे आपणच लोकांना शिकवलंय. आणि मग अख्ख्या स्क्रिप्टमधली माणसाने माणसासाठी लिहिलेली एकमेव ओळ नेमकी त्याच रंगात छापायची!

मोजून पाहिलं. मजकूर नीट वाचता यावा म्हणून अक्षर आणि पाटी यांच्यातला कॉन्ट्रास्ट निदान ४.५ असावा, असा डब्ल्यूसीएजी या वेब-सुगम्यतेच्या नियमावलीचा एए पातळीचा निकष आहे. मोनोकायच्या कॉमेंटचा येतो जेमतेम ३. पांढऱ्यावर जी ‘९९९’ची राखाडी लोक सर्रास वापरतात तिचा तर २.८५. म्हणजे ‘इम्पोर्ट’ हा शब्द, जो कुणी वाचत नाही, तो झगझगीत, आणि तुझी धमकी डोळे ताणून वाचायची.

मग मी उलटं केलं. कीवर्ड नुसते ठळक, रंग नाही. स्ट्रिंग गडद हिरव्या. आकडे, फंक्शनची नावं सगळी काळी. कॉमेंट मात्र गडद विटकरी, तिरपी नाही, सरळ. तुझी स्क्रिप्ट उघडली तर पहिल्यांदा ‘मला फोन करू नकोस’ दिसतं. तासभर मी स्वतःवर खूश होतो.

नंतर भाऊसाहेबांचं पान उघडलं. ते कोड पुसायचे नाहीत, पुढे हॅश (#) लावून त्याची कॉमेंट करून ठेवायचे, तुला ठाऊकच आहे. ते अख्खं पान विटकरी पेटलं! मधे कुठेतरी चालणाऱ्या चार काळ्या ओळी, त्या शोधाव्या लागतात. कोड रंगवण्याआधी तो तोडणाऱ्या लेक्सरचा दोष नाही. त्याला कोड कळत नाही, तो रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे अक्षरांचे साचे, लावून तुकडे पाडतो. हॅश दिसला की ओळीच्या शेवटापर्यंत कॉमेंट. तिथे तुझी धमकी आहे की भाऊसाहेबांचं मेलेलं लूप, हे त्याने कशावरून ओळखायचं? पिगमेंट्समध्ये कोडटॅगिफाय नावाचा फिल्टर आहे, कॉमेंटमध्ये टूडू (करायचंय), फिक्समी (दुरुस्त कर) असे शब्द असले की ते उठून दाखवतो. पण तू जन्मात कधी टूडू लिहिलंयस? तुझं सगळं ‘बाबा रे’ने सुरू होतं.

म्हणजे राखाडीला तिचं कारण होतं, मेलेल्या कोडसाठी ती बरोबरच आहे. माझं म्हणणं असं की मेलेला कोड नोंदींत हवाच कशाला? जुनं सगळं गिटमध्ये, आवृत्त्या जपणाऱ्या प्रोग्राममध्ये, आहे. हॅश लावलेल्या कोडच्या ओळी काढून टाकायच्या, म्हणजे कॉमेंटमध्ये फक्त माणसाचं बोलणं उरेल आणि रंगाचा प्रश्न आपोआप मिटेल. भाऊसाहेबांच्या मी काढल्याही. पण उरलेल्यांतल्या निम्म्या तुझ्या आहेत, आणि ‘राहू दे, लागेल’ हे तुझं वाक्य आठवून हात थांबला. तेव्हा आता सांग. काढू का? एकेक विचारत बसणार नाही. सरसकट हो किंवा नाही.

रंगच नकोत असंही एक मन म्हणतं. गो भाषेच्या कर्त्यांपैकी रॉब पाइकचं मत माहीत आहे ना, लहानपणी रंगीत कांड्यांनी गणित शिकलो, मोठा झाल्यावर काळे आकडे पुरतात. तू हे मला ऐकवायचास, आणि स्वतः मोनोकाय लावून बसायचास. पण त्या मुलीने रंग वाचला, शब्द नाही. रंग नसते तर तिने निदान ओळ वाचली असती का, हे मला ठरवता येत नाहीये. आणि नानांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, त्यांना डिफमध्ये, म्हणजे कोडमधले बदल दाखवणाऱ्या यादीत, अधिक-उणेची चिन्हंच वाचावी लागतात. त्यांच्या हातून मात्र कधी काही निसटलेलं आठवत नाही.

बाकी तुझं काय? नवी नोकरी मानवली का? घर बदलायचं ठरलं की अजून याद्याच चालल्यात? धाकटीची परीक्षा झाली असेल, तिला शाबासकी. वहिनींना नमस्कार. आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना, ते मात्र सविस्तर लिही.

तुझा,
विनय

ता. क. कमांड कॉपी केली की पुढचं डॉलरचं चिन्हही सोबत येतं, ही तुझी तक्रार मिटवली. ठोकळ्याला ‘बॅश’ऐवजी ‘कन्सोल’ म्हटलं की प्रॉम्प्टला, म्हणजे त्या डॉलरला, ‘जीपी’ हा वेगळा क्लास मिळतो. त्यावर ‘युजर-सिलेक्ट नन’ लावलं. आता कमांड तेवढीच उचलली जाते.