यंदाचे लाडू मऊ आहेत, आई

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

डबा आधी उघडू नका, पत्र वाचा. बाबा, तुम्ही आईला मोठ्यानं वाचून दाखवाल हे माहीत आहे. पण पुढं एक गोष्ट येईल तिथं चष्मा पुसायचं निमित्त करून ओळ गाळू नका.

डब्यात तिळाचे लाडू आहेत. ह्यांना यवतमाळला काम होतं, तिथून पुढं दारव्ह्यापर्यंत येऊन देतील म्हणाले. माझं यायचं यंदा जमत नाही. कापसाची शेवटची वेचणी, त्यात तूर सोंगायला आली, अन् बाया मिळता मिळत नाहीत.

आता ती गोष्ट. आई, मागच्या संक्रांतीला मी आले होते तेव्हा दुपारी गोठ्यामागं कुटार आणायला गेले. तिथं बाबा उकिडवे बसलेले. समोर दुपट्टा अंथरलेला, त्यावर तुझा लाडू, अन् हातात आजीचा सुपारीचा अडकित्ता. लाडू पात्यातून निसटला नि गाईच्या पायाशी गेला. बाबांनी उचलला, फुंकला, पुन्हा पात्यात धरला. कट्ट! त्यातला बोराएवढा तुकडा गालात ठेवला आणि मला पाहून ओठांवर बोट. कवळी बसवल्यापासून दरवर्षी असंच चाललंय म्हणे. तू विचारलंस की "झक्कास!" म्हणायचे. खोटं नाही ते, चव झक्कासच असते. फक्त फोडायला हत्यार लागतं.

रागावू नकोस. तुझा पाक कसा असतो ते मला पाठ आहे. वाटीतल्या पाण्यात थेंब टाकायचा, गोळी करायची, ताटलीत टाकायची. "गोयी टणकन वाजली पायजे." ती वाजेपर्यंत आम्ही कोणी चुलीपाशी तोंड उघडायचं नाही. मग ओल्या हातानं, चटके खात, पाक थिजायच्या आत भराभर वळायचं. तुझे लाडू रथसप्तमी उलटून महाशिवरात्रीपर्यंत कुरकुरीत राहायचे. वाणाच्या बायांना, सालदाराला, शेतात न्यायला तेच बरे. बत्तीस दात असणाऱ्या घरासाठी ते लाडू होते. आता त्या घरात दोघंच आहात, आणि दातांचा हिशेब मी सांगायला नको.

म्हणून यंदा मी गोळीबंद पाकाच्या वाटेला गेलेच नाही. चिक्कीचा गूळही आणला नाही, साधीच भेली आणली, ती पण काळपट. दुकानदार पिवळाधमक पुढं करत होता. तो रंग बहुतेक वेळा पावडरीनं आणलेला असतो. अर्धा किलो तीळ, पाव किलो दाणे, अर्धा किलो गूळ. तीळ मंद आचेवर, फुटायला लागून चिमटीत चुरडेपर्यंत भाजले. पहिला घाणा मात्र वाया गेला. सगळे तीळ मिक्सरमध्ये घातले आणि बटण दाबून दारात आलेल्या भाजीवाल्याशी बोलत बसले. परत येते तर भांड्यात चिखल! तिळात निम्मं तेलच असतं, ते सुटलं. पोरांनी तो पोळीला लावून खाल्ला, म्हणजे वाया गेला असंही नाही.

दुसऱ्या खेपेला निम्मे तीळ आख्खे ठेवले, निम्मे थांबत थांबत भरड काढले. कढईत चमचाभर तूप, त्यात चिरलेला गूळ. विरघळून फेस आला की लगेच खाली उतरवला, गोळी बघायची भानगड नाही. तीळ, कूट, वेलची घातली. हात भाजले नाहीत, निवांत गप्पा मारत वळले. बोटानं दाबला तर दबतो. तू काय म्हणशील तेही ऐकू येतंय: "काऊन वं, लाडू अन् असा मेणावानी?"

पण बाबाच दर जानेवारीत सांगतात ना, संक्रांत पुढं सरकते, साधारण बहात्तर वर्षांत एक दिवस. विवेकानंदांचा जन्म 12 जानेवारी 1863 चा, तेव्हा संक्रांत त्या दिवशी होती. 2024 ला आपण 15 तारखेला केली. सूर्याचं ठरलेलं असूनही तारीख हलते, तर माझा पाक थोडा अलीकडं थांबला म्हणून तू एवढं मनावर घेऊ नकोस.

बाबा, साखर आहे हे विसरू नका. दिवसाला एकच, तोही लहान वळलेला. आईला न सांगता दुसरा खाल्लात तर मला कळेल; डब्यात मोजून चाळीस आहेत. भोगीच्या भाकरीला तीळ लावायचे तेवढे वेगळ्या पुडीत ठेवलेत, सुपात पाखडून घेतले आहेत.

आणि आई, डबा रिकामा परत पाठवायचा नाही हा तुझाच नियम. त्यात तुझे टणक लाडू टाक, जमतील तेवढे. पोरं माझ्या लाडवाला लाडू म्हणत नाहीत, ताटलीत टाकून बघतात आणि वाजत नाही म्हणतात. गुडघे दुखत असतील तर बैठक मारून करू नकोस, गॅसपाशी उभ्यानं कर, बाबांना तीळ निवडायला बसव.

अडकित्ता आजीच्या पेटीत नीट ठेवा. दुपट्ट्यात गुंडाळून गोठ्यात राहिलेला असेल.

तुमची,
ताई