मेकॅनिकला रायफल कशाला?

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, तुमचं पत्र पोचलं. ओंकार ईएमईत (सैन्याच्या गाड्या आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत) लागला, म्हणजे आता त्याच्या हातात पाने आणि जॅकच येणार असं तुम्ही धरून चालला होतात, आणि तो तर फोनवर फायरिंग रेंजचं सांगत सुटलाय. "गाड्या दुरुस्त करणाऱ्या पोराला नेमबाजी कशाला, तेवढ्या वेळात इंजिन शिकवा की," हे तुमचं म्हणणं. आईचं निराळंच. त्याच्या हातात बंदूकच नसती तर त्याच्यावर कुणी गोळी झाडायला आलं नसतं, असं तिला वाटतं.

आधी आईचं घेतो, कारण तो कायद्याचा भाग आहे. आई, युद्धाच्या कायद्यात "न लढणारे" म्हणून संरक्षण मिळतं ते वैद्यकीय पथकाला आणि धर्मगुरूंना, म्हणजे आपल्याकडच्या रेजिमेंटमधले पंडितजी, ग्रंथी, मौलवी यांना. स्वयंपाकी, ड्रायव्हर, कारकून, न्हावी, मेकॅनिक हे सगळे गणवेशातले लढणारेच धरले जातात. ओंकारच्या हातात पाना असला तरी शत्रूने त्याच्यावर झाडलेली गोळी कायदेशीरच ठरते. आणि ज्यांना संरक्षण आहे त्या वैद्यकीय लोकांनाही 1949 च्या पहिल्या जिनिव्हा कराराचं 22 वं कलम शस्त्र बाळगू देतं, मात्र फक्त स्वतःच्या आणि जखमींच्या बचावापुरतं. ते शस्त्र घेऊन त्यांनी हल्ला चढवला की रेडक्रॉसच्या पट्ट्याचं संरक्षण गेलं. म्हणून नर्सिंग असिस्टंटला रायफल चालवायला शिकवताना ती कधी चालवायची नाही हेही तितकंच शिकवावं लागतं.

कायदा राहू दे बाजूला, शत्रू तरी कुठे पाळतो? फेब्रुवारी 1944 मध्ये ब्रह्मदेशातल्या आराकानात सातव्या भारतीय डिव्हिजनचं मुख्यालयच जपान्यांनी उधळलं. कारकून आणि सिग्नलवाले लढत लढत मागे सरले ते सिंझवेयाच्या मोकळ्या पटांगणात, जिथे रसद, दारूगोळा, वर्कशॉप आणि दवाखाना होता. "अ‍ॅडमिन बॉक्स" हे त्या जागेला पडलेलं नावच सांगतं की तिथे मुळात कोण होतं. 7 तारखेच्या रात्री जपानी तिथल्या दवाखान्यात घुसले आणि त्यांनी डॉक्टर, ऑर्डर्ली, स्ट्रेचरवरचे जखमी यांना मारलं. वेढा दोन आठवड्यांहून जास्त चालला. त्या आघाडीवरच्या जनरल स्लिम यांनी आधीच बजावून ठेवलं होतं की जंगलात न लढणारा असा कुणी नसतो, वैद्यकीय पथकानेही आपला पहारा आपणच ठेवायचा.

अलीकडचं तर तुम्हाला माहीतच आहे. 29 नोव्हेंबर 2016 ला जम्मूजवळच्या नगरोट्याच्या छावणीत अतिरेकी घुसले ते ऑफिसर्स मेस आणि कुटुंबांच्या घरांकडे. पंढरपूरचे मेजर कुणाल गोसावी आणि नांदेडचे संभाजी कदम त्यात गेले. त्याच वर्षी जानेवारीत पठाणकोटच्या हवाई तळावर डिफेन्स सिक्युरिटी कोअरचे (लष्करी ठिकाणांवर पहारा देणाऱ्या दलाचे) जगदीश चंद मेसमध्ये होते, हातात काही नव्हतं. त्यांनी एका अतिरेक्याचा पाठलाग करून त्याच्याच शस्त्राने त्याला मारलं आणि मग ते स्वतः पडले. परकी रायफल हिसकावल्यावर ती लगेच चालवता येणं, हे आयत्या वेळी सुचत नाही.

आता बाबा, तुमचा मुद्दा. तुम्हाला पटेल असं उदाहरण इराकमधलं आहे, कारण त्यात बहुतेक तुमच्याच गाडीदुरुस्तीच्या धंद्यातले होते. 23 मार्च 2003 ला अमेरिकी सैन्याच्या 507 व्या मेंटेनन्स कंपनीचा ताफा रस्ता चुकून नासिरिया शहरात शिरला. 18 गाड्या, 33 माणसं, बहुतेक मेकॅनिक, ड्रायव्हर, भांडारवाले. चूक कळल्यावर वळायला गेले आणि दोन्ही बाजूंनी गोळीबार सुरू झाला. 11 मेले, काही पकडले गेले. नंतर सैन्याने जो अहवाल काढला त्यात अनेकांच्या रायफली आणि मशीनगन ऐन वेळी अडकल्याची नोंद आहे, आणि वाळवंटात शस्त्रांची निगा नीट राखली गेली नसावी असं कारण दिलंय. त्यांच्यातल्या पॅट्रिक मिलर नावाच्या वेल्डरची रायफलही अडकली होती. तो प्रत्येक गोळीमागे बोल्ट (गोळी नळीत ढकलून मागून बंद करणारा तुकडा) हाताने ठोकून पुढे बसवत होता आणि एकेक गोळी झाडत होता. त्याला सिल्व्हर स्टार हे अमेरिकी शौर्यपदक मिळालं. पण बाबा, वेल्डरवर ही वेळ का यावी?

वाळवंटातली धूळ टाल्कम पावडरसारखी असते. तिच्यावर तेल पडलं की तुमच्या व्हॉल्व्ह घासायच्या लेपासारखी पेस्ट होते. बोल्ट पूर्ण मागे जात नाही, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जात नाही, पुढची गोळी तिच्यावर चढते. डेपोत तुम्ही नव्या पोराला जास्त ग्रीस थापताना पाहिलं की ओरडायचात, तसंच हे. धुळीच्या जागी बोल्टच्या घासणाऱ्या कडांवर तेलाचा नुसता हात फिरवायचा. बॅरल (नळी) आणि चेंबर (गोळी बसते तो नळीचा मागचा भाग) फायरिंगपूर्वी पुल-थ्रूने (चिंधी बांधलेल्या दोरीने) कोरडे करायचे. गॅस पिस्टनवरचा कार्बन खरवडायचा. मॅगझिन (गोळ्यांची पेटी) उघडून पुसायचं आणि त्यात तेलाचा थेंबही घालायचा नाही, कारण आतली स्प्रिंग धूळ धरून बसते. मॅगझिनचे वरचे ओठ वाकले असतील तर ते बाजूला काढायचं, पक्कडीने सरळ करत बसायचं नाही. रायफल अडकण्याच्या तक्रारींत मी पहिला संशय मॅगझिनवर घेतो.

ही झाली निगा. हाताळणीत तर मेकॅनिक-कारकुनांचा धोका पायदळापेक्षा जास्त, कारण त्यांच्या हातात रायफल येते ती पहाऱ्याच्या पाळीपुरती. पाळी संपली, रायफल कोतात (शस्त्रं ठेवायच्या खोलीत) जमा करायची, झोप आलेली, आणि रायफल रिकामी करायच्या "खाली कर" चा क्रम उलटा होतो. बरोबर क्रम असा : नळी वाळूच्या पोत्यांकडे, आधी मॅगझिन काढायचं, मग बोल्ट मागे ओढायचा, चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहायचं, अंधार असेल तर करंगळीने चाचपायचं, बोल्ट पुढे सोडायचा, आणि नळी पोत्यांकडेच ठेवून ट्रिगर दाबायचा. अर्धवट शिकलेला माणूस बोल्ट आधी ओढतो आणि मॅगझिन नंतर काढतो. बोल्ट पुढे जाताना मॅगझिनमधली वरची गोळी चेंबरमध्ये ढकलतो. हातात काढलेलं मॅगझिन असतं, म्हणून याला वाटतं रायफल रिकामी आहे. मग ट्रिगर. समोर पोती असली तर नुसता धडाका होतो, आणि पाळी घ्यायला आलेला सोबती असला तर त्याचं घर बुडतं. म्हणून मला विचाराल तर प्रश्न "मेकॅनिकला शिकवावं का" हा नाहीच. त्याला रायफल द्यायची ठरली, आणि पहाऱ्यासाठी ती द्यावीच लागते, की अर्धवट शिकवणं हे न देण्यापेक्षा वाईट.

नेमाचं म्हणाल तर तिथे मी तुमच्या बाजूने थोडा झुकतो. ओंकारला 300 मीटरवरचं लक्ष्य टिपायची गरज नाही. त्याच्यावर वेळ आलीच तर ती वर्कशॉपच्या फाटकाशी, गाडीच्या आडून, शंभर मीटरच्या आत येईल. तेवढं मात्र पक्कं हवं. सैन्यात तीन गोष्टी घोकून घेतात : मजबूत पकड, दुरुस्त शिस्त, सही ट्रिगर ऑपरेशन. (शिस्त म्हणजे इथे नेम. जुन्या मराठीतही शिस्त धरणं म्हणजे नेम धरणंच.) पुढच्या आणि मागच्या साईटमध्ये (नेम धरायच्या खुणांमध्ये) अर्धा मीटर अंतर धरा. पुढची साईट एक मिलिमीटर सरकली की शंभर मीटरवर गोळी वीस सेंटिमीटर बाजूला. माणसाची छाती किती रुंद, त्याचा हिशोब करा. आणि ती मिलिमीटरभर हलते ट्रिगर हिसडल्यामुळे, धडाक्याच्या भीतीने. हे ओळखायला उस्ताद (शिकवणारे) मॅगझिनमध्ये मधेच एखादी खोटी गोळी घालून देतात. ती आली की धडाका होत नाही, पण नळी मात्र खाली डुचमळते, आणि पोराला स्वतःची चूक स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. उपाय फुकटचा आहे : रिकामी रायफल, नळीच्या टोकाशी एक नाणं, आणि नाणं न पाडता ट्रिगर दाबायचा. रोज दहा मिनिटं, एकही गोळी खर्च न करता. त्यामुळे "दारूगोळा महाग पडतो" ही सबब मला फारशी पटत नाही.

दुसरं, रायफल ज्याची त्याची हवी, बट नंबरासकट (दस्त्यावरच्या क्रमांकासकट). पाच गोळ्या तळहाताएवढ्या जागेत पण मध्यापासून डावीकडे लागल्या, तर माणसाचा हात चांगला आहे, साईट सरकवायची. पाची गोळ्या पाच दिशांना असतील तर साईटला हात लावायचा नाही, माणसाला पुन्हा पकड शिकवायची. कोतातून दर वेळी हाताला येईल ती रायफल दिली की हा फरक कधीच कळत नाही.

रात्रीचा सराव बहुतेक ठिकाणी कमी पडतो असं माझं मत. अंधारात साईट दिसत नाही म्हणून माणूस मान वर उचलतो आणि गोळ्या डोक्यावरून जातात. पहारा तर रात्रीचाच जास्त असतो!

अमेरिकी मरीन कोअरमध्ये स्वयंपाक्यापासून वैमानिकापर्यंत प्रत्येकजण आधी रायफलमन, हे उदाहरण लोक हमखास देतात. ते आपल्याला जसंच्या तसं लागू नाही. मरीनांचे डॉक्टर, वैद्यकीय मदतनीस, धर्मगुरू सगळे नौदलाकडून येतात, आणि मागचा बराच भार दुसरे वाहतात. रणगाड्याचं इंजिन उतरवणारा माणूस महिनाभर रेंजवर ठेवला तर रणगाडा महिनाभर उभा. तेव्हा बाबा, इंजिन पहिलं हे मान्य. पण वर्षातून एकदा ऐंशी गोळ्या उडवून वहीत टिक करण्यापेक्षा दर तिमाहीला वीस, त्यातल्या पाच रात्री, आणि पहाऱ्यावर जाण्याआधी दर वेळी "भर" आणि "खाली कर" उस्तादासमोर, एवढ्याने त्याचं इंजिन अडत नाही.

आई, कानांचं तू विचारलंस ते योग्य आहे. रायफलीचा आवाज पुन्हा पुन्हा ऐकून बसलेला कान परत सुधारत नाही. रेंजवर इअर प्लग मिळतात, पोरं मर्दुमकी म्हणून खिशात ठेवतात. लाडवांच्या डब्यासोबत त्याला तशी एक चिठ्ठी घाल, तुझं ऐकेल.

आणि बाबा, रविवारी त्याचा फोन आला की त्याला एकच विचारा : खाली करताना आधी काय काढतोस? उत्तराला वेळ लागला तर मला कळवा.

तुमचा,
बाळू