सायबर छळ : आधी पुरावा, मग रिपोर्ट, ब्लॉक शेवटी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळेच्या नावाने चालणाऱ्या इन्स्टाग्रामवरच्या ‘कन्फेशन’ पेजवर मुलीचे नाव घालून घाणेरडा मजकूर येतो. स्नेहसंमेलनातला फोटो कापून केलेले स्टिकर दहावीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरते. एखाद्याच्या नावाने फेक आयडी काढून भलत्यांनाच मेसेज जातात. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या शिक्षकांना हे प्रकार आता चांगलेच ओळखीचे झाले आहेत. तरी मुले घरी बोलत नाहीत, कारण बोलले की मोबाईल जाणार हे त्यांना पक्के ठाऊक असते.

आणि होतेही तसेच. वडील मोबाईल काढून घेतात, कोणी रागाच्या भरात मेसेज डिलीट करते, मामा त्या नंबरवर फोन करून दम भरतो. तासाभरात समोरचा आयडी बंद, पोस्ट गायब. मग पोलिसांत जाऊन दाखवायचे काय?

म्हणून क्रम सांभाळा : आधी पुरावा, मग रिपोर्ट, ब्लॉक सगळ्यात शेवटी. स्क्रीनशॉटमध्ये तारीख, वेळ आणि मागचे-पुढचे मेसेज दिसले पाहिजेत. नंबर ‘पप्पू’ नावाने सेव्ह असेल तर स्क्रीनशॉटवर नुसता ‘पप्पू’ दिसतो, त्याचा उपयोग नाही. कॉन्टॅक्ट उघडून नंबर दिसेल असा दुसरा स्क्रीनशॉट घ्यावा. इन्स्टाग्रामवर आयडीचे नाव घटकेत बदलता येते, म्हणून प्रोफाइलचे पान, त्याची लिंक आणि पाहिल्याची वेळ तिन्ही नोंदवावे. स्नॅपचॅटवर स्क्रीनशॉट घेतला की समोरच्याला कळते, तिथे दुसऱ्या मोबाईलने स्क्रीनचा फोटो काढावा. व्हॉट्सॲपवर रिपोर्ट करताना त्याच चौकटीत ब्लॉक करून चॅट डिलीट करण्याचा पर्याय येतो. त्याची खूण तशीच राहिली तर आपल्याच हाताने पुरावा जातो. मूळ मोबाईल रिसेट करू नये, एक्स्चेंजमध्ये देऊ नये. डिजिटल पुराव्यासोबत कोर्टात प्रमाणपत्र लागते आणि मूळ मोबाईल हाताशी असला की ते काम सोपे होते.

या क्रमाला एक मोठा अपवाद आहे. १८ वर्षांखालील मुलाचा किंवा मुलीचा नग्न वा अश्लील फोटो असेल, मग तो मॉर्फ केलेला, म्हणजे फेरफार करून बनवलेला, का असेना, तर त्याचा स्क्रीनशॉट घेऊ नका आणि ‘सरांना दाखवायला’ म्हणूनही पुढे पाठवू नका. असे चित्र पाठवणे आयटी कायद्याच्या कलम ६७बी खाली गुन्हा आहे. ते कळवल्याविना जवळ बाळगले तर पोक्सोचे (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचे) कलम १५ लागू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. शिक्षकांच्या ग्रुपवर ‘माहितीसाठी’ टाकलेला फोटो शाळेलाच अडचणीत आणतो, आणि त्या लेकराचा फोटो आणखी वीस मोबाईलमध्ये जातो, हे तर त्याहून वाईट. नंबर, लिंक आणि वेळ कागदावर लिहा, मोबाईल आहे तसा ठेवा आणि थेट पोलिसांकडे जा.

स्वतःचा असा फोटो पसरण्याची भीती असलेल्या मुलांसाठी ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे. तिच्यात फोटो मोबाईलबाहेर जात नाही. फोनवरच त्याचा एक डिजिटल ठसा तयार होतो आणि इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅटसारख्या सहभागी कंपन्या तो जुळवून फोटो काढतात. व्हॉट्सॲपच्या खाजगी चॅटपर्यंत मात्र तिचा हात पोचत नाही.

रिपोर्ट करताना वर्गातल्या चाळीस जणांनी बटण दाबून काही साधत नाही, योग्य कारण निवडावे लागते. फेक आयडी असेल तर ‘तोतयेगिरी’ निवडावी, आणि तो रिपोर्ट ज्याच्या नावाने आयडी आहे त्याने किंवा त्याच्या पालकांनी करावा. २०२१ च्या आयटी नियमांनी तोतयेगिरीच्या आणि नग्न फोटोंच्या तक्रारींवर कारवाईसाठी कंपन्यांना जास्तीत जास्त २४ तासांची मुदत घालून दिली होती; फेब्रुवारी २०२६ पासून ती दोन तासांवर आली आहे.

पोलीस तक्रारीत ‘आक्षेपार्ह मेसेज आला’ एवढेच लिहिले तर ती दुबळी पडते. तसे मेसेज हाच गुन्हा ठरवणारे कलम ६६ए सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच रद्द केले. धमकी दिली, नावाने खोटे खाते काढले, पैसे मागितले, फोटो पसरवला, असे नेमके लिहावे.

आपल्याकडे दोन अडचणी हमखास येतात. पहिली हद्दीची : मुलगी बेळगावात शिकते, त्रास देणारा चंदगड किंवा कागलचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, जवळच्या ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावी लागते. ‘महाराष्ट्रात जा’ हे उत्तर मान्य करू नका. दुसरी भाषेची. पोक्सोखालच्या तक्रारीत नोंद मुलाला न कळणाऱ्या भाषेत होत असेल तर कलम १९ प्रमाणे दुभाषा द्यावाच लागतो. कन्नडमध्ये लिहिलेल्या जबाबावर मराठी मुलाने न समजता सही करण्याची गरज नाही, पालकांनी शांतपणे दुभाषा मागावा. जबाब घरीही घेता येतो आणि तो घेणारे अधिकारी गणवेशात नसावेत, असे कलम २४ सांगते. बेळगावात सीईएन (सायबर, आर्थिक व अमली पदार्थांच्या गुन्ह्यांचे) पोलीस ठाणे आहे. तातडीला ११२, मुलांसाठी १०९८. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर नाव न देताही तक्रार होते, पण तिचा पुढे माग काढता येत नाही. १९३० हा नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीचा.

‘शाळेची बदनामी होईल’ म्हणून मुख्याध्यापकांनी पोक्सोचे प्रकरण दाबले तर तो त्यांचाच गुन्हा ठरतो. कलम २१ मध्ये त्याला ६ महिन्यांपर्यंत कैद आहे.

त्रास देणारा बहुधा त्याच वर्गातला असतो, तेही लेकरूच. दोघांना प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर उभे करून माफी मागायला लावू नका. संध्याकाळी त्या माफीचाच व्हिडिओ फिरतो आणि छळ दुप्पट होतो. पालकांना वेगवेगळे बोलवा. वर्गालाही सांगा की हसण्याचा इमोजी टाकणारा त्यात सामील असतो, आणि छळ सोसणाऱ्या मुलाला ‘मी तुझ्या बाजूने आहे’ असा वेगळा मेसेज केला तरी त्याला मोठा आधार मिळतो. व्हॉट्सॲपवर कोणीही ग्रुपमध्ये ओढू नये म्हणून प्रायव्हसीत ग्रुप्ससाठी ‘माय कॉन्टॅक्ट्स’ निवडा, मीडिया ऑटो-डाउनलोड बंद ठेवा. ग्रामपंचायतीच्या मुलांच्या ग्रामसभेत आणि एसडीएमसीच्या (शाळा विकास व देखरेख समितीच्या) बैठकीत हा विषय घ्यायला काहीच हरकत नाही. आणि पालकांनी काही घडण्याआधीच मुलांना शब्द द्यावा : सांगितलेस म्हणून मोबाईल काढून घेणार नाही.

आपल्या दैनिकालाही एक विनंती. पोक्सोच्या कलम २३ प्रमाणे मुलाची ओळख छापता येत नाही. नाव वगळले तरी खानापूर तालुक्यातल्या एखाद्या वाडीचे नाव, इयत्ता आणि वडिलांचा व्यवसाय छापला की ते मूल कोण हे गावाला लगेच कळते. अशा बातमीत तालुक्याच्या पुढे ठिकाण देऊ नये.

आपले,
बेळगाव-खानापूर भागातील काही माध्यमिक शिक्षक व समुपदेशक